भंडाऱ्याच्या चढावर दोन गाड्या

चाकण हे काही सहलीला जायचं ठिकाण नव्हे. आमच्या कुडाळातली माणसं महाबळेश्वरला जातात, अष्टविनायक करतात आणि परत आली की मोबाइलवर फोटो दाखवतात. मी फेब्रुवारीत चाकणला जाऊन आलो तेव्हा दुकानात आलेल्यांनी विचारलं, "काय बघितलंत तिथं?" मी खरं तेच सांगितलं. दोन गाड्या एक डोंगर चढताना बघितल्या. सगळे हसले. मी फार वेळा असा अर्धवट बोलतो आणि मग रात्रभर मनाला लावून घेतो. म्हणून या वेळी सगळं नीट लिहून काढतो आहे.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. लेक केतकी चाकणच्या एका कंपनीत इंजिनांच्या चाचणी विभागात आहे. ती तिकडे राहायला गेल्यापासून मी एकदाही गेलो नव्हतो. दुकान सोडून निघता येत नाही, असं सांगत आलो. बायको या वेळी म्हणाली, "दुकानाला पाय नाहीत, ते कुठं जात नाही. तुम्ही जा." सासूबाईंचा गुडघा दुखत असल्यामुळे ती घरी थांबली आणि मी एकटा निघालो. सोबत पिशवीभर काजू, कोकमं आणि बांगड्याचं सुकं.

चिंचवड

पहिली फजिती चिंचवडलाच झाली. स्टेशनजवळच्या रस्त्यावर एक पांढरी बस उभी होती, माणसं शिस्तीत चढत होती. मीही चढलो आणि खिडकी धरून बसलो. तिकीट काढायला कोणी येईना. गळ्यात ओळखपत्रं घातलेली सगळी माणसं माझ्या पिशवीकडे बघत होती, कारण सुक्याचा वास आता पूर्ण बसमध्ये पसरला होता.

शेजारचा तरुण हळूच म्हणाला, "काका, कुठल्या डिपार्टमेंटला?"

"मी चाकणला चाललोय."

"ही कंपनीची बस आहे, राव. सेकंड शिफ्टची."

मी उठायला लागलो तर त्यानं खांदा दाबून बसवलं. "बसा ओ. चाकणलाच चाललीये. फक्त ती पिशवी पायाखाली घ्या, नाहीतर सुपरवायझर म्हणेल आज कॅन्टीनला मासे आहेत."

आमच्याकडे एस.टी.त चुकून चढलेल्याला पुढच्या फाट्यावर उतरवतात. इथं त्यांनी मला चाकणच्या चौकात, बस थांबवून उतरवलं. फुकट आलो ही गोष्ट मात्र मला दोन दिवस टोचत राहिली.

अक्कांची चाळ

केतकी शेवंता-अक्कांच्या चाळीत राहते. चाकणच्या आसपासच्या गावांत अशा चाळी पुष्कळ आहेत. शेतात कारखाने आले, तेव्हा उरलेल्या जागेत शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या. आता अक्कांच्या एका ओळीत लातूर, बीड, जळगाव आणि आमचं कुडाळ नांदतं. मागे गोठा आहे आणि त्यात शर्यतीचा एक बैल. त्याला अंडी आणि दूध मिळतं. खोल्यांमधल्या पोरांना ते मिळत नाही, असं पोरंच हसत सांगतात.

केतकी कामावरून आली तेव्हा मी पायरीवर बसलो होतो.

"बारीक झालंस गो."

"बाबा, मी दोन किलोनं वाढलेय."

"मग मीच फार दिवसांनी बघतोय."

पिशवी उचलून ती आत गेली आणि सुकं भाजायला घेतलं. चाळीतल्या तीन खोल्यांनी दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कंपनीच्या फाटकापर्यंत नेलं. आत जायला परवानगी नाही. आत जाणाऱ्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावरसुद्धा चिकटपट्टी लावतात. तिनं बाहेरूनच एक लांबट इमारत दाखवली. तिथं एका खोलीत इंजिन जमिनीला बांधलेलं असतं, त्याला चाकं नसतात. एक यंत्र त्याच्यावर ओझं टाकत जातं, कधी रिकाम्या गाडीएवढं, कधी भरलेल्या गाडीनं घाट चढावा एवढं. किती ओझ्याला किती डिझेल लागतं, ते केतकी बघते.

"म्हणजे ॲव्हरेज काढतेस," मी म्हणालो.

"तसंच समजा."

रखवालदारानं तिला "मॅडम" म्हणून सलाम केला. मी रुमालानं चष्मा पुसला. दुकानात मी जे नटबोल्ट किलोवर विकतो, त्यांच्यापासून इथं माणसं केवढं काय उभं करतात, आणि त्यात माझी मुलगी. अभिमान वाटायला त्या फाटकापर्यंतच जाणं पुरेसं होतं. ते इतकी वर्षं मला जमलं नव्हतं.

बुधवारची मासवडी

अक्कांच्या गावातल्या बायकांनी एक बचत गट चालवला आहे. कारखान्यांत जेवणाचे डबे पाठवतात. भाकरी, पिठलं, ठेचा, भात. दोन स्वयंपाकघरं आहेत, एक वरच्या आळीचं आणि एक खालच्या आळीचं. दोन्हींचे डबे तळेगावच्या रस्त्यावर असलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या दोन कारखान्यांत जातात.

बुधवारी दुपारी अक्का म्हणाल्या, "पाव्हणं, आज मासवडी हाय." मला कोण आनंद झाला. ताटात बघतो तर बेसनाची गुंडाळी, आत तीळखोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मासा कुठंच नाही. आकार तेवढा माशाच्या तुकड्याचा. मी दोनदा मागून घेतली. कोकणातल्या माणसानं बेसनाला मासा म्हणून तीन वेळा ताट पुढं केलं, हे बायकोला सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी गटाची बैठक होती आणि केतकीला बोलावलं होतं. काय भानगड आहे ते मला तिथं कळलं. पूर्वी गट एका भाड्याच्या छोट्या टेम्पोतून डबे पाठवायचा. डबे वाढले, टेम्पो दोनदा चढावर बंद पडला. तेव्हा केतकीनं सुचवलं, मोठं इंजिन असलेली पिकअप घ्या. बायकांनी साठवलेल्या पैशातून पिकअप घेतली. आणि आता डिझेल भरून भरून त्या कंटाळल्या होत्या. गाडी विकायची का, हे पुढच्या दोन दिवसांत ठरणार होतं.

वरच्या आळीची संगीता सगळ्यांत तिखट. भाकरी थापताना हात भराभर चालतात आणि जीभ त्याहून. ती म्हणाली, "मोठा बैल दावणीला उभा राहिला तरी पेंड खातोयच. आमाला ह्यो बैल नको होता. पोरीनं गळ्यात बांधला."

केतकी शांतपणे म्हणाली, "वहिनी, ओझं भरपूर असेल तर हीच गाडी स्वस्त पडते."

"मग पडत का न्हाई?"

अक्का माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, तुमी गाडी चालवता. तुमचं काय म्हणणं हाय?"

आमच्याकडे लग्नातसुद्धा माणसं नव्या गाडीचा रंग बघत नाहीत, ॲव्हरेज विचारतात. माझी छोटी कार ॲव्हरेजला अख्ख्या पेठेत पहिली आहे आणि त्याचा मला गर्व आहे. मी म्हणून गेलो, "मी आयुष्यभर लहान इंजिनच चालवलं. लहान इंजिन, कमी तहान. मी असतो तर छोटीच घेतली असती."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. संगीता म्हणाली, "ऐका. सख्खा बाप सांगतोय."

केतकी खाली बघत चटईची काडी सोलत होती. आई काही बोलली की ती लहानपणीही असंच करायची. मला जीभ चावून घ्यावीशी वाटली, पण शब्द तर निघून गेले होते. तिची अनेक महिन्यांची पत मी, तिथं येऊन दुसऱ्याच दिवशी, एका वाक्यात खाली आणली.

अक्काच म्हणाल्या, "उद्या गुरवार हाय. कारखाने बंद, गाडी मोकळी. पोरी, तू म्हणतीस ते दावशील?"

"दाखवते."

"सपाटीवर समदेच बैल पळत्यात. भंडाऱ्याच्या डोंगरावर चढवून दाव."

खोलीवर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. केतकी म्हणाली, "बाबा, उद्या लवकर उठा. तांदळाची पोती उचलायची आहेत."

गुरुवार

या पट्ट्यातला रविवार गुरुवारी असतो. बहुतेक कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी. रस्त्यावरून ट्रकांची रांग गायब झालेली, चहाच्या टपऱ्यांवर पोरं निवांत लोळणारी. आमच्या बाजारपेठेत सोमवारी दुकानं बंद असतात, पण इतका शुकशुकाट मी कधी पाहिला नव्हता.

पिकअप आमच्याकडे होतीच. तोच जुना छोटा टेम्पो भाड्यानं आणला. गटाची गाडी चालवणारा बालाजी लातूरकडचा. पोती चढवताना त्यानं माझ्या कमरेकडे बघितलं. "काका, हे काय करायलाव तुम्ही? व्हा बाजूला." मी बाजूला झालो नाही. कंबर अजून दुखते आहे, पण तेवढं तरी मला करायलाच हवं होतं.

केतकीनं बेत साधा ठेवला. तांदळाची पोती आणि पाण्याचे भरलेले कॅन मिळून, दोन्ही आळ्यांच्या डब्यांएवढं ओझं. पंपापासून भंडारा डोंगराच्या माथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आधी पिकअप सगळं ओझं घेऊन एकदा. मग छोटा टेम्पो अर्धं अर्धं ओझं घेऊन दोनदा, कारण सगळं ओझं त्याला पेलणारच नाही. शेवटी पिकअप पुन्हा, पण आता रोज जाते तशी, अर्धं ओझं घेऊन दोनदा. प्रत्येक वेळी निघताना टाकी गच्च भरायची आणि आल्यावर पुन्हा तेवढीच भरायची. आल्यावर जितकं मावेल तितकं खर्च झालेलं. पंप तोच, नळी तीच, गाडी उभी करायची खूणही तीच.

संगीताला पंपावर उभं केलं होतं. तीच म्हणाली होती, "मी स्वतः बघणार. आकड्यात गडबड नको." टाकीतली हवा निघावी म्हणून तिनं दोन्ही हातांनी पिकअप अशी हलवली की पंपवाला म्हणाला, "वहिनी, गाडी उलथी करू नका."

पिकअप बालाजी आणि अक्का घेऊन गेले आणि आरामात परत आले. चढावर अक्का म्हणे डुलकी काढत होत्या.

मग छोटा टेम्पो. तो केतकी चालवणार होती, आणि मी शेजारी. आमच्या घरात मी तिला कार कधी चालवू दिली नव्हती, क्लच जळेल म्हणून. इंदोरी गावाच्या पुढं, वळून डोंगराकडे लागलो आणि इंजिनाचा सूर बदलला. सपाटीवर जो टेम्पो शिट्टी वाजवत पळत होता, तो आता रडायला लागला. तिसरा गिअर टिकेना. दुसरा. वळणावर पहिला. पायाखालची पत्र्याची जमीन तापली.

"ऐका," केतकी म्हणाली. "याला आता पूर्ण ताकद लावून पळावं लागतंय. दम खायला फुरसत नाही. लहान इंजिन कमी पितं, पण हलकं काम असेल तेव्हा. दम लागला की तेही पितं."

"आणि मोठं?"

"मोठ्याचं पोटच मोठं. रिकामं हिंडलं तरी त्याला स्वतःच्या आतलं सगळं फिरवावं लागतं. त्यासाठी डिझेल जातंच. म्हणून त्याला काम भरपूर द्यायचं."

वळणावर समोरून मोटारसायकल आली. केतकीनं ब्रेक न दाबता गाडी बाजूला घेतली, गिअर टाकला आणि पुन्हा उचलली. गाडी मागे इंचभरही सरकली नाही. वीस वर्षं कार चालवतो, पण मला ते जमलं नसतं. माथ्यावर देवळापाशी उतरलो. खाली इंद्रायणी, तिच्या पलीकडे कारखान्यांची निळी-पांढरी छपरं, मधेमधे ऊस आणि कांदा. केतकीनं बोट दाखवलं. "ते लांबट छप्पर. तिथं मी असते."

"काल मी बोलायला नको होतं," मी म्हणालो.

"तुम्हाला तसं वाटत होतं, तर बोललात ते ठीक. पण बाबा, तुम्ही मला आधी विचारलं नाहीत."

आम्ही खाली उतरलो आणि दुसरी खेप भरून पुन्हा वर आलो.

शेवटी पिकअप अर्ध्या ओझ्यानं दोनदा गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे पंपावर होते. सगळं ओझं एका खेपेत नेणाऱ्या पिकअपला साडेतीनेक लिटर डिझेल लागलं होतं. छोट्या टेम्पोला दोन खेपांना सव्वाचारच्या आसपास. आणि अर्ध्या ओझ्याच्या पिकअपला दोन खेपांना साडेपाच. शेवटच्या आकड्याला संगीता मीटरकडे बघत राहिली.

"म्हणजे मी म्हणत व्हते ते बी खरं," ती म्हणाली, "आन पोरगी म्हणत व्हती ते बी."

चटईवर

रात्र पडायच्या आत बैठक बसली. बोलायला केतकी उभी राहिली. मी मागे भिंतीला टेकून होतो.

"वहिनींचं बरोबर होतं," ती म्हणाली. "रोजच्या कामाला ही गाडी महागच पडतेय. मी गाडी सगळ्या डब्यांचा हिशेब करून निवडली. पण ते सगळे डबे एका वेळी जातात का, हे तुम्हाला विचारलंच नाही. दोन आळ्यांच्या दोन खेपा होतात, मला माहीत नव्हतं. ते विचारणं माझं काम होतं."

स्वतःची चूक अशी, आवाज न थरथरता, चारचौघींत सांगायला मला पन्नाशी उलटूनही येत नाही. मी तर चूक झाली की आधी कारणं देतो, मग महिनाभर कुढतो.

"एकत्र न्यायचे तर एकाच वेळी भाकरी व्हायला पाहिजे," एक म्हातारी म्हणाली.

"व्हय. आन खालच्या आळीची भाकरी गार असती," संगीता म्हणाली. "आमचे डबे त्यांच्या शेजारी बसवायचे? बदनामी आमची."

"गार?" खालच्या आळीच्या बायकांतून आवाज आला. "तुमचं पिठलं तर कारखान्यात पोचंतवर खडक हुतंय."

दोन आळ्यांच्या खेपा वेगळ्या का जात होत्या ते आता मला उमगलं. कुणी कुणाच्या भाकरीशेजारी आपली भाकरी बसू देत नव्हतं, एवढंच. त्या अभिमानापायी अडीच लिटरचं इंजिन रोज दोनदा अर्ध्या पोटी पळत होतं. आणि मी कोण हसणार? माझा ॲव्हरेजचा अभिमान काय वेगळा होता? किलोमीटरला किती डिझेल लागतं, हेच मी आयुष्यभर मोजलं. त्या डिझेलात काम किती झालं, हे कधी बघितलं नाही. एकटा माणूस छोट्या कारमधून फिरतो, त्याला ते कशाला सुचेल.

मी उभा राहिलो. "काल मी म्हणालो, छोटी गाडी घ्या. मला काही माहीत नव्हतं. भरल्या गाडीतून मी कधी चढ चढलो नव्हतो. माझं बोलणं धरू नका. हिचं धरा."

"पाव्हणं," अक्का म्हणाल्या, "तुमचं कुणी धरलंच नव्हतं. बसा."

सगळ्या हसल्या. केतकीही हसली, आणि मी बसलो. अक्कांनी निकाल दिला. शुक्रवारपासून दोन्ही आळ्यांचे डबे एकाच खेपेत. खालच्या आळीचे डावीकडे, वरच्या आळीचे उजवीकडे, मधे फळी. महिनाभर बघायचं, मग गाडी विकायची का ते ठरवायचं.

शुक्रवारची खेप

सकाळी खालच्या आळीचे डबे वेळेत आले. वरच्या आळीचा पत्ता नाही. बालाजी हॉर्न वाजवून थकला. केतकीची बस चुकायला आली होती, तरी ती हलेना. सगळ्यांच्या मनात एकच होतं. संगीता आली नाही तर कालचा सगळा दिवस फुकट, आणि केतकीचा शब्दही.

मग वरच्या वाटेनं बायका दिसल्या, डोक्यावर क्रेट, पुढं संगीता. धापा टाकत तिनं क्रेट उजव्या बाजूला ठेवले, फळी सरळ आहे का बघितलं आणि एका डब्याला हात लावून म्हणाली, "आमच्या गरम हायत." मग मुद्दाम पलीकडच्या डब्यालाही हात लावला. "ह्यांच्या बी." ते तिला कबूल करायला जड गेलं.

गाडी भरली. मागचे स्प्रिंगचे पाटे दबले, मागून बघितलं तर गाडी रुबाबात बसली होती. बालाजीनं पहिला गिअर टाकला आणि ती गावाच्या चढावरून एका सुरात निघून गेली. मी कान देऊन ऐकलं. कुठंही कुरकुर नव्हती.

केतकी बसकडे धावायला निघाली, तेवढ्यात संगीतानं तिला हाक मारली. "ए पोरी, थांब. आमच्या आळीला नवी शेगडी घ्यायची हाय. मोठा बर्नर घेऊ का बारका?"

दोन दिवसांपूर्वी हीच बाई गळ्यात बैल बांधला म्हणाली होती. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, हार्डवेअरवाल्याला शेगड्यांतलं कळतं. मी तोंड मिटून घेतलं.

केतकी मागे वळली. बस फाट्यावर दिसत होती, तरी ती थांबली.

"आधी सांगा वहिनी," ती म्हणाली, "एका वेळी भाकऱ्या किती?"